‘य’ स्वर की व्यंजन?

‘या’ म्हणताना ‘य’ लांबवून पाहा. जवळपास ‘ई’च ऐकू येते. जीभ टाळूकडे उचलली जाते, पण हवा अडत नाही की घासत नाही. घडण स्वराची, काम व्यंजनाचे!

हा गुंता अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४३ साली नेमका पकडला. ध्वनी तोंडात कसा घडतो हा एक प्रश्न आणि तो अक्षराचा गाभा होतो की काठावर बसतो हा दुसरा. स्वर-व्यंजन ही नावे त्यांनी दुसऱ्यासाठी राखली. पहिल्यासाठी ‘व्होकॉइड’ आणि ‘कॉन्टॉइड’ असे शब्द घडवले: हवा तोंडाच्या मधून न अडता, न घासता वाहिली तर व्होकॉइड, नाहीतर कॉन्टॉइड. (कानाला ओबडधोबड, पण उपयोगी.) ‘य’ व्होकॉइड ठरतो. ‘ल’ कॉन्टॉइड, कारण त्याची हवा जिभेच्या कडेने निसटते. आपल्या परंपरेत दोघेही अंतःस्थच.