नियमात बसणारा छळ

प्राध्यापकांच्या खोलीत कुणी कुणावर हात उगारत नाही, आवाजही फारसा चढत नाही. तिथला छळ कागदावर चालतो आणि बहुधा तो कागद नियमाला धरूनच असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचे; ते रोज पहिल्या तासिकेपासून शेवटच्या तासिकेपर्यंत विखरून दिले तरी बेरीज १६च भरते. पदोन्नतीची फाईल दर वेळी नवी त्रुटी काढून परत पाठवता येते. बैठकीची सूचना नेमकी एकालाच पोचत नाही. पोचली, तर त्याचे म्हणणे इतिवृत्तात येत नाही. यातली एखादीच गोष्ट घेऊन प्राचार्यांकडे गेले, तर ‘एवढ्याशाचं काय मनावर घेता, सर’ हे उत्तर ठरलेले. त्या एका गोष्टीपुरते ते खरेही असते.

म्हणूनच हा छळ ओळखायचा तो सुट्या प्रसंगावरून नव्हे, मालिकेवरून. सहकाऱ्यांनी मिळून एखाद्याला कोपऱ्यात लोटण्याचा स्वीडनमध्ये अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी त्यासाठी माप दिले: आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने. आकड्यांवर वाद घालता येईल, पण मोजायची ती वारंवारिता, हे त्यांनी पक्के केले. स्वीडनने १९९३मध्ये त्यावर नियमही केले. आपल्याकडे लैंगिक छळासाठी २०१३चा कायदा आहे, जातीवरून होणाऱ्या अपमानासाठी ॲट्रॉसिटीचा आहे, बडतर्फी किंवा पदावनती झाली तर न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९पासून आहे, पण तो विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे प्रथम वर्षाच्या मुलाला जे संरक्षण आहे, ते त्याला शिकवणाऱ्याला नाही.

यावर विभागप्रमुख म्हणतील, मग काम सांगायचेच नाही का? जरूर सांगावे. उशिरा येणाऱ्याला जाब विचारणे हा छळ नव्हे. पाचजण उशिरा येत असताना एकालाच मेमो देणे हा छळ. शोधनिबंधाची भर परिसंवादात चिरफाड करणे हाही छळ नव्हे, विद्यापीठे त्यासाठीच असतात (हल्ली ती पुरेशी होत नाही, हे वेगळे दुखणे). पण कारण न देता संशोधनाचा प्रस्ताव महिनोन्महिने अडवून ठेवणे हा वाद नव्हे. खोट्या तक्रारींची भीतीही अगदीच निराधार नाही. तिच्यावर उपाय मात्र तक्रारी दाबणे हा नसून निर्णयांची कारणे लेखी ठेवणे हा आहे. ती नोंद निर्दोष प्रमुखालाही वाचवते.

छळ रोखायचा तर सौहार्दावरच्या कार्यशाळेपेक्षा एका हातातली मर्जी कमी करणे उपयोगाचे. गैरसोयीच्या तासिका आणि परीक्षेची कामे पाळीने फिरावीत, वाटपाचा तक्ता सर्वांना दिसावा. फाईलमधल्या त्रुटी एकदाच, लेखी आणि मुदतीत कळवाव्यात. तक्रार ऐकणाऱ्या समितीत संस्थेबाहेरची व्यक्ती असावी. २०१३च्या कायद्याने अंतर्गत समितीसाठी ही अट घातलेलीच आहे. एवढे करूनही तासिका तत्त्वावरचा शिक्षक उरतोच. त्याची नेमणूक सत्रापुरती, मानधन तासावर. त्याला छळायला वेळापत्रकाचीही गरज नसते. जूनमध्ये फोन केला नाही की काम होते.