जिप्सीच्या बोनेटखाली

जुन्या मोटारीचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी आधुनिक इंजिन बसवणे हा जगभरच्या मोटारशौकिनांचा जुना उद्योग असून त्यातून निघालेल्या काही गाड्या मूळ गाड्यांपेक्षा अधिक गाजल्या. १९६२ साली अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांनी एसी कंपनीच्या ‘एस’ या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवले आणि त्यातून ‘कोब्रा’ ही गाडी जन्माला आली. अशा गाड्यांची चर्चा बहुधा किती अश्वशक्ती वाढली या एकाच प्रश्नाभोवती फिरते. परंतु इंजिन बदलण्यामागचे विज्ञान नीट समजून घ्यायचे असेल, तर गाडीला रोज कोणते काम करावे लागते हा प्रश्न आधी विचारावा लागतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत स्पोर्ट्स कार विरळाच, पण ताडोब्याच्या जंगलातील रस्त्यांवर पर्यटकांना घेऊन फिरणारी मारुती जिप्सी ही तेथील खरी अभिजात गाडी आहे आणि या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी तिच्याइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

सुझुकीच्या एसजे-४१० या जपानी गाडीवर बेतलेली जिप्सी १९८५ साली भारतात आली, तेव्हा तिच्यात ९७० घनसेंटिमीटर क्षमतेचे आणि सुमारे ४५ अश्वशक्तीचे इंजिन होते. १९९६ मध्ये १,३०० घनसेंटिमीटरचे ६० अश्वशक्तीचे इंजिन आले आणि २००० साली त्याच मापाच्या इंजिनाला सोळा झडपा व इंधन फवारण्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मिळून शक्ती ८० अश्वशक्तीपर्यंत गेली. या सर्व काळात शिडीसारखी पोलादी चेसिस, पाट्यांचे स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंचे अखंड एक्सल जवळपास तसेच राहिले. म्हणजे जे काम हौशी कारागीर गॅरेजमध्ये करतात, तेच येथे खुद्द कारखान्याने दोनदा केले. २०१९ च्या सुमारास नव्या सुरक्षा आणि प्रदूषण निकषांपुढे या गाडीचे उत्पादन थांबले. वनपर्यटनातील तिचे काम मात्र थांबले नाही.

जागा, जोड आणि उष्णता

इंजिन बदलताना पहिली अडचण जागेची असते. इंजिनाच्या तळाशी वंगणतेल साठवणारी जी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. जिप्सीत या सम्पच्या खालीच पुढचा एक्सल खड्ड्यांनुसार वरखाली होत असल्याने, नव्या इंजिनाचा सम्प खोल निघाला तर पहिल्याच मोठ्या गचक्यात दोन्ही एकमेकांवर आदळतात. दुसरी अडचण जोडाची असते. इंजिनाचा मुख्य दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एकाच रेषेत यावे लागतात आणि त्यांत किंचितही फरक राहिला तर बेअरिंग व क्लच अकाली झिजतात; म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे भाग जोडताना मध्ये अचूक कातलेली धातूची तबकडी बसवतात. जिप्सीची एक सोय अशी की, चारही चाकांना गती वाटून देणारी ट्रान्सफर केस ही पेटी गिअरबॉक्सला चिकटलेली नसून एका आखूड दांड्याने जोडलेली आहे. त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बदलले तरी चारचाकी चालनाची व्यवस्था शाबूत राहू शकते. तिसरी अडचण इंधनाची असते. जुन्या कार्ब्युरेटरला अगदी कमी दाबाने पेट्रोल पुरते, तर फवारणीच्या यंत्रणेला त्याच्या सुमारे दहापट दाब लागतो. त्यामुळे पंप, नळ्या, वायरिंग आणि इंजिनावर लक्ष ठेवणारा छोटा संगणक हे सारे नव्या इंजिनाबरोबरच आणावे लागते.

चंद्रपुरात या तिन्हींपेक्षा मोठी अडचण उष्णतेची आहे. पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा शीतक द्रवात जाते आणि रेडिएटर ती हवेत सोडतो. रेडिएटर किती उष्णता सोडेल हे द्रव आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. द्रव ९२ अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल तर हा फरक ७२ अंशांचा असतो, पण चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४८ अंशांच्या घरात पोहोचला की तो ४४ अंशांवर येतो आणि त्याच रेडिएटरची क्षमता साठ टक्क्यांच्या आसपास उरते. त्यातच जंगलात गाडी रांगत चालते, मधूनमधून थांबते आणि समोरून वारा जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे सगळा भार पंख्यावर पडतो. अधिक शक्तीचे इंजिन बसवून रेडिएटर आणि पंखा जुनाच ठेवणारा कारागीर थंड प्रदेशात कदाचित निभावून जाईल, ताडोब्याच्या उन्हाळ्यात निभावणार नाही.

पाच अश्वशक्तींचे काम

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. चालक, वाटाड्या आणि सहा पर्यटक बसलेली जिप्सी सुमारे दीड टन भरते. कच्च्या रस्त्यावर चाक लोळताना जमिनीचा आणि टायरचा जो अडथळा होतो, तो वजनाच्या चार टक्के धरला आणि वेग ताशी २० किलोमीटर मानला, तर सपाटीवर गाडी हलती ठेवायला साडेतीन किलोवॉटहूनही कमी, म्हणजे जेमतेम पाच अश्वशक्ती पुरते. दहा मीटरला एक मीटर असा चढ लागला तरी ही गरज पंधरा-सोळा अश्वशक्तींच्या पुढे जात नाही. याचा अर्थ असा की ८० अश्वशक्तीचे इंजिन जंगलात बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या सोळाव्या भागावर चालते, आणि पेट्रोल इंजिनाला नेमकी हीच स्थिती मानवत नाही. कमी शक्ती हवी असताना हवेच्या वाटेवरील थ्रॉटल नावाची झडप जवळजवळ मिटलेली असते, त्या अरुंद फटीतून हवा ओढून घेण्यातच इंजिनाची बरीच ताकद खर्च होते आणि एरवी तीस टक्क्यांच्या आसपास असणारी कार्यक्षमता निम्म्याहून खाली घसरते. वाघाची वाट पाहत उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन चालू ठेवले, तर ही कार्यक्षमता शून्यच होते.

विजेच्या मोटरचे वर्तन याच्या उलट असते. टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, तिच्यात पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण मिळतो, तर जिप्सीच्या अखेरच्या पेट्रोल इंजिनाला कमाल टॉर्कसाठी मिनिटाला ४,५०० फेऱ्यांपर्यंत जावे लागते. शिवाय थांबलेली विजेची मोटर ऊर्जा खात नाही आणि आवाजही करत नाही. भारतीय लष्कराने आयआयटी दिल्ली येथील आपल्या कक्षामार्फत आणि टॅडपोल प्रोजेक्ट्स या नवउद्योगाच्या साहाय्याने जिप्सीचे इंजिन काढून ३० किलोवॉटची मोटर बसवलेली गाडी २०२३ मध्ये दाखवली, तेव्हा एका चार्जिंगमध्ये सुमारे १२० किलोमीटरचा पल्ला सांगितला गेला होता. वरील हिशेबाने किलोमीटरला ०.२ युनिट वीज धरली, तर ४० किलोमीटरच्या सफारीला आठ युनिटे पुरतात. स्पोर्ट्स कारच्या जगातही हा विचार पोहोचला आहे. जॅग्वारने २०१७ मध्ये आपल्या जुन्या ई-टाइपमध्ये मूळ इंजिनाच्या जागेत आणि वजनात बसेल अशी बॅटरी घालून दाखवली, ज्यामुळे पुढे कधी मूळ इंजिन परत बसवायचे ठरले तर चेसिस कापावी लागत नाही.

मर्यादा आणि कायदा

विजेच्या मोटारीलाही हे हवामान सोपे नाही. लिथियम बॅटरीला माणसाला सुखकर वाटणारे तापमानच मानवते आणि ४८ अंशांत ती लवकर जुनी होते, म्हणून तिच्यासाठी वेगळी शीतनव्यवस्था आणि पहाटे किंवा रात्री चार्जिंग लागते. धूरही पूर्ण नाहीसा होत नाही; चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्रात दगडी कोळसाच जळतो, त्यामुळे धुराची जागा जंगलाच्या रस्त्यावरून त्या केंद्राच्या चिमणीकडे सरकते. गडचिरोलीचा प्रश्न तर वेगळाच आहे. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात जिल्ह्याच्या ठिकाणाहून भामरागड दीडशे किलोमीटरहून दूर आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने त्याचा रस्ता तुटतो. १२० किलोमीटरच्या पल्ल्याची गाडी तेथे उपयोगाची नाही, आणि रस्त्याकडेच्या मेकॅनिकला उघडता येईल असे साधे इंजिनच तेथे अधिक भरवशाचे ठरते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी-प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला मनाप्रमाणे करता येत नाही. बॅटरी, सीएनजी यांसारख्या वेगळ्या इंधनावर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची मुभा मात्र हाच कायदा देतो. दुसरीकडे, पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केलेल्या ‘व्हिंटेज’ नोंदणीच्या नियमांत चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. त्यामुळे संग्रहात ठेवण्याच्या गाडीचे इंजिन बदलू नये, आणि रोज कामावर जाणाऱ्या गाडीचे बदलायचे असेल तर त्या रस्त्याची गरज आधी मोजावी. ताडोब्याच्या फाटकांवर हे मोजमाप विजेच्या मोटारीच्या बाजूने जाते, भामरागडच्या वाटेवर अजून जात नाही.