शुश्रूषा आणि संसर्ग



१८९७ सालीं पुण्यांत प्लेगचें थैमान चालू असतां सावित्रीबाई फुले यांनीं पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत रुग्णांची शुश्रूषा केली, आणि १० मार्च रोजीं त्याच रोगानें त्या निवर्तल्या. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, हें पॉल-लुई सिमाँ यांनीं दाखविलें तें १८९८ सालीं. शत्रूची वाटच ठाऊक नव्हती, तेथें बचाव कसला करणार? आज वाट ठाऊक आहे. प्रश्न उरतो तो आचरणाचा.

बीड जिल्ह्यांतील नेकनूरसारख्या आठवडी बाजाराच्या गांवीं हा प्रश्न अधिकच निकडीचा होतो. बाजारास आलेला माणूस त्याच फेरींत औषधही नेऊं पाहतो. खोकणारा क्षयरोगी, तापानें फणफणलेलें मूल आणि गर्भवती स्त्री एकाच बाकावर बसलीं, तर पुढें काय होईल हें सांगावयास नको. म्हणून विलगीकरणाचा आरंभ खाटेपाशीं नव्हे, दारापाशींच व्हावयास हवा. खोकणाऱ्यास ओळखावें, मुखपट्टी द्यावी, मोकळ्या हवेंत निराळें बसवावें.

संसर्गाच्या वाटा मुख्यत्वें तीन. खरूज व हगवण यांची वाट स्पर्शाची. घटसर्प व डांग्या खोकला यांची जवळून उडणाऱ्या थेंबांची. क्षय, गोवर व कांजिण्या यांची हवेची. पहिलीस हातमोजे व झगा, दुसरीस साधी मुखपट्टी, तिसरीस हवेशीर निराळी खोली आणि चेहऱ्यास घट्ट बसणारा एन-९५ मुखवटा.

हें सारें परिचारिकेस पाठ असतें. मग चुकतें कोठें? हातमोजे घातले कीं हात धुण्याचें कारण नाहीं, असा एक समज आहे. वास्तविक तेच मोजे एका खाटेवरचा रोग दुसऱ्या खाटेवर नेतात, आणि काढतांना हातही माखतात. म्हणून आधीं मोजे, मग झगा, आणि खोलीबाहेर आल्यावर शेवटीं मुखवटा, असा उतरविण्याचा क्रम आहे. त्यानंतर हात साबणानें ४० ते ६० सेकंद धुवावे. हात मळलेले नसतील, तर मद्यार्काचें द्रावण २० ते ३० सेकंद चोळावें. परंतु खाटा पुष्कळ, परिचारिका एक, आणि नळ व्हरांड्याच्या टोकाला असेल, तर तें एक मिनिट तिनें काढावें कोठून? नियमभंगाच्या मुळाशीं नेहमीं आळसच असतो असें नाहीं. नळ, साबण व मुखवटे हाताशीं ठेवणें हें व्यवस्थापकांचें कर्तव्य आहे.

आपलेंही कांहीं कर्तव्य आहे. परिचारिकेनें दाराशीं अडविलें, तर तो अपमान समजूं नये. भेटीस थोड्यांनींच जावें, रुग्णाच्या खाटेवर बसूं नये, निघतांना हात धुवावे. आणि “सिस्टर, हात धुतलेत ना?” असें विनयानें विचारावयास मुळींच संकोचूं नये.