राखीव माळावरील गवताची मोजणी

सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरातील माळ १९७९ साली माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात समाविष्ट झाला. अशा राखीव माळाविषयी किंवा गावाच्या बंद कुरणाविषयी एक वाद हमखास उपस्थित होतो. कोणी म्हणतो, चराईबंदीने गवत सुधारले. कोणी म्हणतो, नुसती कुसळी माजली. दोघेही आपापल्या वाटेवर दिसलेला माळ सांगत असतात. कुरण केव्हा खुले करावे हे ठरवावयाचे असेल, तर गवत मोजलेच पाहिजे.

सगळा माळ मोजणे अशक्य आहे. म्हणून एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट ठिकठिकाणी ठेवून तिच्यातील गवत मोजतात. चौकट बांबूच्या कामट्यांची असावी. सुतळी भिजली की आखडते आणि माप चुकते.

खरी मेख आहे ती चौकट कोठे ठेवावी यात. माणसाचा डोळा हिरव्या जागेकडे ओढला जातो, आणि कितीही प्रामाणिक कार्यकर्ता असला तरी उघडा मुरूम टाळून चौकट टाकतो. यास्तव जागा चिठ्ठ्यांनी ठरवावी. माळाच्या एका कडेने सरळ रेषा आखावी. पहिल्या चिठ्ठीवरील आकड्याइतकी पावले त्या रेषेवर चालावीत, दुसऱ्या चिठ्ठीइतकी पावले आत वळावे. तेथे खडक लागला तरी चौकट तेथेच ठेवावी. 'येथे काही नाही' हीसुद्धा नोंदच होय. मात्र उथळ मुरमाड माथा आणि ओढ्याकाठची खोल काळी जमीन यांची गणती वेगवेगळी करावी. दोहोंची सरासरी काढल्यास ती कोणत्याच जमिनीस लागू पडत नाही.

ज्या ठोंबाचे मूळ चौकटीच्या आत तोच मोजावा. बाहेरून आत वाकलेली पाती धरू नयेत. मूळ नेमके रेषेवर आले, तर दोन बाजूंवरील ठोंब धरावेत व उरलेल्या दोन बाजूंवरील सोडावेत. गवताची नावे गावोगाव बदलतात. ज्यास एकीकडे पवना म्हणतात त्यास दुसरीकडे शेडा म्हणतात. म्हणून प्रत्येक जातीचा फुलोऱ्यासह एक नमुना जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवून ठेवावा. अभयारण्यात मोजणीस व नमुना घेण्यास वन विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते. चौकटी किती घ्याव्यात? नवी जात मिळणे जवळजवळ थांबेपर्यंत.

समजा, ४० चौकटींपैकी २६ मध्ये पवना आढळला. त्याची वारंवारता ६५ टक्के झाली. पुढील वर्षी तो २८ चौकटींत आढळला म्हणून हुरळून जाऊ नये, एवढा फरक चिठ्ठ्यांच्या योगायोगानेही पडतो. शिवाय ठोंबांची संख्याही लिहावी, कारण वारंवारतेवरून केवळ पसारा कळतो, दाटी कळत नाही.

गवताळ माळाचे वर्गीकरण त्यातील प्रमुख जातींवरून करतात. दबडघाव व शंकरनारायण यांनी देशातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार पाडले. त्यांचा ग्रंथ १९७३ साली भारतीय कृषि संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. दख्खनचा माळ त्यांतील सेहिमा-डायकँथियम प्रकारात, म्हणजेच पवना व मारवेल यांच्या वर्गात मोडतो. अति चराईने ही बहुवर्षायू गवते मागे पडतात व कुसळी पुढे सरते. कुसळी कोवळेपणी जनावरे खातात. पण ती फुलली की तिची कुसे तोंडाला टोचतात आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततात. तेव्हा माळ हिरवागार दिसूनही ऱ्हास पावलेला असू शकतो, आणि हे मोजणीच्या वहीतच दिसते.

मोजणी पावसाळा सरताना, गवत फुलोऱ्यात असता, दरवर्षी त्याच पंधरवड्यात करावी. आकड्यांशेजारी त्या वर्षीचा पाऊस अवश्य लिहावा. वर्षायू गवते पावसासरशी वाढतात व आटतात; त्यामुळे दोन वर्षांची तुलना करताना भर बहुवर्षायू ठोंबांच्या संख्येवर द्यावा.