अवजारांची अवजारे : घरगुती सुतारशाळेविषयी

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार चालू असते, त्याच दिवशी आपल्या भागापासून थेट नागपूर-वर्ध्यापर्यंत लहान मुले चाकांचा बैल दोरीने ओढीत घरोघर फिरतात. हा बैल घरी करावयास बसणाऱ्या पालकांची अडचण मी अनेकदा पाहिली आहे. शिंगे, वशिंड, गळ्याची पोळी हे सारे पटाशी व कानस यांनी सावकाश जमते. जमत नाहीत ती चाके. चारही चाके एका मापाची हवीत, भोक नेमके मध्यावर हवे आणि आसाची भोके पाटाच्या तळापासून सारख्या उंचीवर हवीत. यांतील एक गोष्ट चुकली तरी बैल लंगडतो. मग बाजारातून बैल आणला जातो आणि ‘आपल्या हाताला ते वळण नाही’ असे समाधान करून घेतले जाते. वस्तुतः उणीव हाताची नसते, साधनाची असते. हे साधन दुकानात मिळत नाही, ते स्वतःच करावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय अशी साधने हाच आहे.

रामाकोना परिसरातील जुना सुतार जमिनीवर बसून काम करी. लाकूड पायाच्या अंगठ्याने व टाचेने दाबून धरायचे आणि वाकसाने तासायचे, हीच त्याची पद्धत. कन्हानच्या खोऱ्यातील आणि वरच्या सातपुड्यातील लाकडांचे गुण त्याला तोंडपाठ असत. दारे-खिडक्यांना साग, चाकाच्या तुंब्याला बाभूळ, आसाला व अवजारांच्या दांड्यांना धावडा, बंडीच्या जोखमीच्या भागांना तिवस. ही विद्या फार मोठी होती, परंतु ती शरीरात साठविलेली होती. बाराव्या वर्षापासून ज्याने पायाने लाकूड धरले, त्यालाच ते धरता येई. चाळिशीत हौसेने करवत हाती घेणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला वा शेतकऱ्याला ती वाट खुली नाही. त्याच्यासाठी पायाचे काम मेजाने व शेगड्याने करावयास हवे. शेगडा म्हणजे लाकूड आवळून धरणारे साधन. हिंदीच्या शेजारामुळे आपल्याकडे त्याला बांकही म्हणतात.

शाळांमधून हे शिकविण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या अगदी जवळ झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगांत सूतकताईबरोबर सुतारकामाचाही समावेश केला. पुढे टकळी व चरखा यांनाच प्राधान्य मिळाले आणि सुतारकाम मागे राहिले. माझ्या मते याचे कारण अगदी व्यावहारिक होते. टकळी प्रत्येक मुलाच्या हाती देता येते. सुतारकामाला मेज, शेगडा, गुण्या आणि धार लावण्याची सोय लागते, आणि हे सर्व विकत आणावयाचे ठरले की शाळेचे अंदाजपत्रक कोलमडते. विकत न आणता विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे, हा विचार फार थोड्या ठिकाणी झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला. तेथे मुलांनी गावाच्या गरजेची खरीखुरी कामे करीत शिकावे हे सूत्र ठेवले गेले, ते याच दिशेचे होते.

पहिले साधन मेज. त्याची उंची पुस्तकात शोधू नये. ताठ उभे राहून हात सैल सोडावेत, मनगटाचे हाड जेथे येते ती आपली उंची. मध्यम बांध्याच्या माणसाला ती ३१ ते ३३ इंच येते, बारा वर्षांच्या मुलाला २८ इंचांच्या आसपास. लांबी पाच फूट पुरे. फळी सगळीकडे जाड असण्याची गरज नाही. पुढील फूटभर रुंदीची फळी अडीच-तीन इंच जाड असावी, कारण ठोकणे आणि रंधणे तेथेच होते. मागील भाग पातळ चालतो. पाडलेल्या घराचे जुने सागवान मिळाले तर उत्तम. मात्र त्यात जुने खिळे लपलेले असतात, म्हणून करवत लावण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवावे. नवे लाकूड घ्यावयाचे तर पावतीसह घ्यावे, हे आपल्यासारख्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

आता एक गोष्ट विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण आपल्या हवामानात तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. वैशाखात आपल्याकडे हवा इतकी कोरडी होते की मातीचा रांजण तासाभरात पाणी गार करतो, आणि श्रावणात दारे चौकटीत अडकतात. लाकूड हवेतील ओल घेते व सोडते, तसे ते रुंदीत फुगते व आकसते. लांबीत मात्र त्याला जवळजवळ फरक पडत नाही. साग या बाबतीत गुणी समजला जातो. तरीही ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडा होईपर्यंत तो वर्षवलयांच्या दिशेने सुमारे पावणेसहा टक्के आणि वलयांना छेद देणाऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्के आकसतो. यावरून हिशेब केला तर फूटभर रुंद सागाची फळी वैशाख व श्रावण यांच्या दरम्यान एक ते दीड सूत हलू शकते. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे माप आजही प्रत्येक सुताराच्या तोंडी आहे.) अशी फळी खालच्या आडव्या पट्ट्यांना दोन्ही कडांनी स्क्रूंनी पक्की जखडली, तर ती पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध फाटते. म्हणून पुढची कड पक्की करावी आणि मागच्या स्क्रूंसाठी पट्टीत लांबट खाच ठेवावी, म्हणजे फळीला सरकण्यास वाव राहतो.

पायांच्या जोडांविषयीही हेच. आडव्या दांड्याचे कुसू पायातील सालीतून आरपार काढावे आणि बाहेर आलेल्या भागात पाचर ठोकावी. डिंकाची गरज नाही. उन्हाळ्यात जोड सैल झाला की पाचरीवर दोन ठोके घालावेत. बंडी करणाऱ्या सुताराला ही युक्ती अवगत होतीच. स्क्रूने आवळलेले मेज एकदा सैल झाले की पुन्हा तसे घट्ट बसत नाही, हा माझा अनुभव आहे.

मेज उभे राहिल्यावर प्रश्न येतो अचूकतेचा. ओबडधोबड अवजारांनी अचूक अवजार कसे करावे? सरळ पट्टी नसताना सरळ पट्टी कशी करावी? यंत्रयुगाच्या मुळाशी हाच प्रश्न होता. सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथील विद्वत्सभेत त्याचे उत्तर विशद केले. त्यांनी लोखंडी सपाट पृष्ठांविषयी सांगितले, परंतु युक्तिवाद फळीच्या कडेलाही तंतोतंत लागू पडतो. दोन फळ्यांच्या कडा एकमेकींशी जुळल्या म्हणजे त्या सरळ आहेत असे ठरत नाही. एक खोलगट आणि दुसरी तेवढीच फुगीर असली तरी त्या जुळतात. म्हणून तिसरी फळी घ्यावी. पहिली खोलगट असेल, तर तिच्याशी जुळवलेल्या दुसरी व तिसरी दोघीही फुगीर होतील. मग दुसरी व तिसरी एकमेकींवर ठेवा: मध्यभागी टेकतील आणि दोन्ही टोकांकडून उजेड दिसेल. जेथे टेकतात तेथे रंधा फिरवावा, पुन्हा तिन्ही जोड्या तपासाव्यात. तिन्ही जोड्यांत कोठेही उजेड दिसेनासा झाला की तिन्ही कडा सरळच असल्या पाहिजेत, दुसरी शक्यताच उरत नाही. या क्रियेत कोणतेही प्रमाणित साधन लागले नाही, हे लक्षात घ्यावे. लागला तो उजेड आणि धीर.

गुण्याचेही तसेच. बाजारातील स्वस्त गुण्या काटकोनात असेलच असे नाही. तपासण्यासाठी सरळ कडेच्या फळीवर गुण्याने एक रेघ मारावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारावी. दोन रेघा एकच झाल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढे अंतर दिसते, त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. उलटण्याने चूक दुप्पट होऊन डोळ्यांना दिसते, हाच या तपासणीचा लाभ.

आणि घरी गुण्या करावयाचा असेल तर? गवंडी तीन-चार-पाचचा त्रिकोण वापरतो. पुष्कळ हौशी मंडळी तो कागदावर तीन, चार व पाच इंचांचा काढतात आणि निराश होतात. पाच इंचांच्या बाजूत एका सुताची चूक झाली, तर कोन सुमारे तीन अंशांनी चुकतो, म्हणजे सहा इंचांच्या पात्याच्या टोकाला अडीच सूत. तोच त्रिकोण अंगणात तीन, चार व पाच फुटांचा काढा. तीच एका सुताची चूक आता कोनात केवळ पाव अंश होते आणि सहा इंचांच्या पात्याच्या टोकाला पाव सुताहूनही कमी उरते. हात तोच, फूटपट्टी तीच, परंतु मोठ्या आकृतीतील चूक लहान अवजारात उतरताना बाराव्या हिश्श्याची होते. आपल्या वर्गांतून भूमिती शिकविताना हे कधी दाखविले जात नाही, याची मला खंत वाटते. त्या एका त्रिकोणाने जेवढी मुले भूमितीकडे वळतील, तेवढी दहा सिद्धान्तांनी वळणार नाहीत.

यानंतरची साधने झपाट्याने होतात. संत्र्याच्या पेटीची फळी घ्यावी, तिच्या एका कडेला खालून आणि दुसऱ्या कडेला वरून पट्टी ठोकावी. खालची पट्टी मेजाच्या कडेला अडते, वरची लाकडाला अडवते, आणि डाव्या हाताच्या दाबाने लाकूड स्थिर राहून करवत चालते. डिंकाने जोडलेल्या फळ्या आवळण्यास महागडे शिकंजे हवेत असेही नाही. एका जाड पट्टीच्या दोन्ही टोकांना ठोकळे पक्के बसवावेत, मध्ये फळ्या ठेवाव्यात आणि उरलेल्या फटीत दोन पाचरी उलटसुलट सरकवून ठोकाव्यात. आठास एक उताराची पाचर भरपूर दाब देते आणि आपोआप सुटत नाही.

चाकांचा प्रश्नही असाच सुटतो. चार चौकोनी तुकड्यांना मध्यावर भोक पाडून ते एकाच बोल्टवर ओवावेत, नटाने आवळावेत, बोल्ट शेगड्यात धरावा आणि कोपरे कापून चारही तुकडे एकच नळकांडे समजून कानशीने गोल करावेत. चार चाके वेगवेगळी सारखी करण्याचा खटाटोपच उरत नाही. आसाच्या भोकांसाठी टणक लाकडाच्या ठोकळ्यात एक सरळ भोक पाडून घ्यावे, ठोकळ्याच्या तळाला अडणारी पट्टी लावावी आणि हा ठोकळा पाटाच्या कडेशी दर वेळी त्याच तऱ्हेने टेकवून त्यातूनच गिरमिट चालवावे. उंची मोजावी लागत नाही, पट्टीच ती ठरविते.

येथवरच्या साधनांत चूक झाली तर लाकूड वाया जाते. विजेवर चालणाऱ्या करवतीत मात्र बोट जाते. आपल्या भागातील पुष्कळ तरुण फर्निचरच्या कामासाठी नागपूर-पुण्याकडे जातात, आणि त्यांपैकी दोघांची अशी बोटे मी पाहिली आहेत. फरशी कापण्याचे छोटे यंत्र, ज्याला सर्वत्र नुसते ‘कटर’ म्हणतात, त्याला लाकडाचे दातेरी पाते लावायचे, ते प्लायवुडखाली उलटे जखडायचे आणि खटका कायम चालू स्थितीत बांधून ठेवायचा, हा प्रकार सर्रास दिसतो. हे यंत्र मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते. चार इंची पात्याचे दाते त्या वेळी ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने धावत असतात. त्यावर आच्छादन नाही, मागे पट्टी नाही. घरगुती साधनांचा मी कितीही पुरस्कर्ता असलो, तरी हे साधन करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

घरीच मेजाची करवत करावयाची असेल, तर वेगळी मोटर घ्यावी. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरीवर चार इंची आणि पात्याच्या दांड्यावर दोन इंची कप्पी बसविली की पाते २८८० फेरे घेते. दहा इंची पात्याच्या दात्यांना हा वेग पुरेसा आहे. कमाल फेऱ्यांचा आकडा पात्यावर छापलेला असतो. तो ओलांडू नये. अपघात बहुधा कापताना होत नाही, कापून झालेल्या भागाने होतो. चिरलेले लाकूड मागे मिटते आणि पात्याला चिमटते. पात्याची मागची बाजू खालून वर येणारी असल्याने ती लाकूड उचलून माणसाच्या अंगावर फेकते. लाकूड गेले की त्यावर दाब देणारा हात थेट पात्यावर पडतो. म्हणून पात्याच्या लगेच मागे, त्याच रेषेत, चिरेपेक्षा किंचित पातळ अशी पोलादी पट्टी उभी बसवावी, म्हणजे चीर मिटूच शकत नाही. वर आच्छादन हवे आणि खटका गुडघ्याने बंद करता येईल अशा जागी हवा. भुसाही निरुपद्रवी नाही. लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला, तेव्हा बंद खोलीपेक्षा पडवीत काम करावे आणि नाका-तोंडावर चांगली जाळी बांधावी.

शेवटचे साधन सर्वांत स्वस्त. हातभर लांबीच्या फळीच्या टोकाला खाच पाडली की लाकूड ढकलण्याची काठी होते, आणि शेवटचे सहा इंच ढकलताना बोटे पात्याजवळ न्यावी लागत नाहीत. तिला दहा मिनिटे लागतात. करवतीला विजेची तार जोडण्यापूर्वीच ती करून खटक्याशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवावी.