विश्लेषण : दारातली जास्वंद पिवळी का पडते? राहुरीच्या उन्हात बारमाही फुलझाडे कशी टिकवायची?

पहिला पाऊस पडला की राहुरीतील रोपवाटिकांसमोर दुचाक्या उभ्या राहतात. जास्वंद, एक्झोरा, गुलाब अशी कळ्यांनी भरलेली रोपे घरी येतात. दिवाळीपर्यंत पाने पिवळी पडतात आणि मे महिन्यात कुंडीत नुसती काडी उरते. ‘हात चांगला नाही’ असे म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तीच रोपे आणली जातात. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. झाडाची निवड, मातीतला चुना आणि पाणी द्यायची पद्धत यांचा असतो.

‘काटक’ कोणाला म्हणायचे?

मोबाइलवर बागकामाच्या चित्रफिती पाहून लॅव्हेंडर, फ्लॉक्स यांचे बियाणे मागवणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ही झाडे ‘हार्डी’ म्हणून विकली जातात, पण तो शब्द थंड देशांतला आहे. बर्फाखाली दबून वसंतात पुन्हा फुटणारे झाड, असा त्याचा तिथला अर्थ. राहुरी पर्जन्यछायेत येते. सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. इथे काटक म्हणजे उन्हाळा, पाण्याची ओढ आणि भारी काळी जमीन सोसून फुलणारे झाड. त्या कसोटीवर बोगनवेल, कण्हेर, सदाफुली, तगर, पिवळी टेकोमा, निळा प्लंबागो आणि थोडे लाड पुरवले तर जास्वंद उतरते.

इथेच एक गल्लत टाळायला हवी. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले गणेश’ मालिकेतली अॅस्टरची वाणे फूलशेतीत परिचित आहेत, पण अॅस्टर हंगामी. शेतात तो परवडतो. दारात मात्र दर हंगामाला नव्याने लावावा लागतो.

मग पाने पिवळी का पडतात?

पाणी कमी पडले, असा पहिला अंदाज असतो आणि पाणी वाढवले जाते. त्याने बिघाड वाढतो. या पट्ट्यातील अनेक काळ्या जमिनींत मुक्त चुना जास्त असतो आणि सामू ८ च्या वर जातो. अशा मातीत लोह असते, पण मुळांना ते उचलता येत नाही. लक्षण सोपे आहे : शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या. एक्झोरा, गुलाब आणि जास्वंदीवर हे चटकन दिसते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर कारण वेगळे. बहुधा नत्राची कमतरता किंवा साचलेले पाणी. बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे दिल्यानेही त्रास वाढतो.

उपाय ऊस उत्पादकांना नवा नाही. हिराकस शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून आळ्यात मिसळायचा. नुसता टाकला तर चुना त्याला लगेच अडकवून ठेवतो. लवकर फरक हवा असेल तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून सायंकाळी पानांवर फवारायचे. आठवड्याने पुन्हा. फुलांवर आणि फरशीवर ते पडू देऊ नये, गंजाचे डाग निघत नाहीत. झाडे बरीच असतील तर माती तपासून घेणे स्वस्त पडते; विद्यापीठात तशी सोय आहे.

पाणी किती?

मुळा धरण २६ टीएमसीचे, म्हणून तालुक्यात पाण्याची ददात नाही, असे बाहेरच्यांना वाटते. मार्च-एप्रिलमध्ये नळाला किती दिवसांनी पाणी येते, हे इथल्या गृहिणीला विचारावे. त्यामुळे बारमाही झाडाला पहिल्या वर्षी वळण लावणे महत्त्वाचे. रोज तांब्याभर पाणी दिले की मुळे वरच राहतात आणि एक दिवस चुकला तरी झाड मान टाकते. त्याऐवजी चार-पाच दिवसांनी भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. कुंडीला मात्र हा नियम लागू नाही. मे महिन्यात तिला रोज पाणी लागतेच.

आच्छादनासाठी पाचटाइतकी चांगली वस्तू नाही, आणि ऊसपट्ट्यात ती फुकट मिळते. तीन-चार बोटांचा थर द्यावा, खोडापासून वीतभर लांब. नाहीतर वाळवी खोडाला लागते. शेजारी पाचट पेटवतो आणि आपण नारळाच्या शेंड्या विकत आणतो, हे गमतीचे आहे.

बोगनवेलीचा हिशेब उलटा. तिला पाण्याची थोडी ओढ दिली की ती रंगते, आणि भरपूर पाणी-खत दिले की नुसती पाने वाढतात. तिचा रंग फुलांचा नसतोच. ती रंगीत पाने असतात आणि खरे फूल म्हणजे मधली बारीक पांढरी नळी. ही पाने कागदासारखी टिकतात, म्हणून बहर महिनोनमहिने राहतो. जास्वंदीचे फूल एका दिवसाचे असते. तिथे बहर टिकतो तो नव्या कळ्यांमुळे.

छाटणी कधी?

यातील बहुतेक झाडे नव्या फुटव्यावर फुलतात. छाटायला जीव होत नाही म्हणून झाड उंच, लाकडी आणि फुलाविना होते. मोठी छाटणी जूनमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर करावी. जास्वंदीची हलकी छाटणी थंडी सरताना, फेब्रुवारीत. एप्रिल-मेमध्ये कात्री बाजूला ठेवावी, उघडी पडलेली फांदी उन्हाने भाजते. टेकोमाच्या शेंगा वेळीच तोडल्या तर बहर लांबतो. छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या पावसाळ्यात सावलीत खोचल्या की बोगनवेल, कण्हेर आणि जास्वंदीची फुकटची रोपे मिळतात. पिठ्या ढेकूण आला तर तेवढा शेंडा कापून नष्ट करावा आणि निंबोळी अर्क फवारावा.

सदाफुली दोन-तीन वर्षांत लाकडी होते. ती उपटून शेजारी आपोआप उगवलेले रोप वाढवावे. काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचले की ती बुडातून कुजते. तिला गादीवाफ्यावर किंवा मुरूम मिसळलेल्या मातीत लावावे.

धोका कोणता?

कण्हेरीला जनावर तोंड लावत नाही, म्हणून ती महामार्गांच्या दुभाजकांत लावली जाते. पण तोडून सुकलेली पाने चाऱ्यात मिसळली तर शेळी-गाय ती खाते आणि थोडी पानेही जीवघेणी ठरतात. छाटणीचा कचरा रस्त्याकडेला टाकू नये, खड्ड्यात पुरावा. जाळूही नये, धूर बाधतो. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बिया मुलांच्या खेळात येतात. त्यातील विष थेट हृदयावर परिणाम करते. लहान मुले असलेल्या घरात बिट्टी नसलेली बरी.

सदाफुलीची फुले-पाने साखरेसाठी रोज चावणारेही गावोगाव आहेत. याच झाडापासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरील औषधे मिळतात, ती डॉक्टर मोजून-मापून देतात. पान किती तीव्र आहे हे घरी मोजता येत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना हा प्रयोग केल्यास साखर अचानक खाली जाऊ शकते.

यंदा लावायचे असेल तर जुलै-ऑगस्ट सोयीचा. दीड फूट खोल-रुंद खड्डा, त्यात शेणखत आणि थोडा मुरूम. कळ्यांनी भरलेल्या रोपापेक्षा बुटके, जास्त फांद्यांचे आणि पिशवीतून मुळे बाहेर न आलेले रोप निवडावे, आणि लावताना त्यावरच्या कळ्या खुडून टाकाव्यात.