रेशन दारात आले, माहिती कुठे अडली?

न्यू टाउनच्या उंच इमारतींच्या फाटकांशी किराणा पोहोचवणाऱ्या दुचाकींची ये-जा सतत सुरू असते. मोबाइलवर मागणी नोंदवायची, पैसे भरायचे. पिशवी दाराशी येते. याच घरांत धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांचे धान्य मात्र शिधापत्रिका आणि आधार-पडताळणी यांच्याशी बांधलेले आहे.

पश्चिम बंगाल सरकारने १६ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘दुआरे रेशन’ सुरू केले. रेशन दुकानदारानेच गाडीतून धान्य वस्तीत न्यावे, अशी ही योजना. सप्टेंबर २०२२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याशी विसंगत ठरवली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. केंद्र-राज्य अधिकारांची चर्चा रंगली. शिधापत्रिकाधारकाला काय कळते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो ‘एक देश, एक रेशन कार्ड’मध्ये अधिक ठळकपणे दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांपासून सुरू झालेली ही सोय पश्चिम बंगालने सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या आदेशानंतर स्वीकारली. कार्ड कुठेही चालते, ही घोषणा सर्वांपर्यंत पोहोचली. पण देशभर चालते ते अन्नसुरक्षा कायद्याखालील कार्ड. बंगालमध्ये राज्याच्या खर्चाने चालणाऱ्या ‘राज्य खाद्य सुरक्षा योजने’ची कार्डे वेगळी आहेत. ते कार्ड घेऊन मुंबईत बांधकामावर आलेल्या मजुराला धान्य मिळत नाही. हा फरक कार्डावरच्या चार इंग्रजी अक्षरांत दडलेला आहे, आणि तो त्याला गाव सोडण्यापूर्वी कुणी सांगावा, हे ठरलेले नाही.

केंद्राने मार्च २०२१ मध्ये ‘मेरा रेशन’ हे ॲप आणले, तेही आधी हिंदी आणि इंग्रजीतच. स्थलांतरितांसाठीच्या साधनात मुर्शिदाबादच्या मजुराची बांगला सुरुवातीला नसावी, हे खटकते.

अमेरिकेत अन्नसाहाय्याच्या रकमेतून ऑनलाइन किराणा घेण्याचा प्रयोग २०१९ मध्ये न्यूयॉर्कपासून सुरू झाला. तेथील कृषी खाते राज्यागणिक सहभागी दुकानांची यादी देते. घरपोच आकार या रकमेतून भरता येत नाही, हेही स्पष्ट बजावते. म्हणजे काय मिळणार नाही, तेही आधी कळते. आपल्याकडे एवढी माहिती दुकानाच्या फलकावर आणि वस्तीत येणाऱ्या गाडीवर बांगलामध्ये लिहिता येईल. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.